आमची पद्मिनी

जगात मोटारींचे दोन प्रकार आहेत. काही मोटारी माणसांना गावाला नेतात आणि काही मोटारींमुळे माणसांचे गावाला जाणे राहते. आमची पद्मिनी यांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही. ती गावाला नेते, याबद्दल वाद नाही. मात्र कोणत्या गावाला, हे ती आधी सांगत नाही. पाटणच्या लग्नाला म्हणून कऱ्हाडहून निघावे आणि मल्हारपेठेत एका सर्वस्वी अपरिचित घरी बारशाचे जेवून, बाळाच्या मुठीत अकरा रुपये ठेवून परत यावे, असा प्रसंग आमच्यावर आलेला आहे. त्या बाळाचे आता लग्नाचे वय झाले. पत्रिका येईल तेव्हा आम्ही निघूच. पोचायचे की नाही ते पद्मिनी ठरवील.

ही पद्मिनी कोण, हे तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. हल्लीच्या मोटारी इतक्या गुळगुळीत आणि एकमेकींसारख्या झाल्या आहेत की, मालकच गोंधळून दुसऱ्याच्या मोटारीला किल्ली लावत बसतो. पद्मिनीचे तसे नाही. चौकोनी अंगलट, गोल डोळे, मागे माशाच्या परांसारखे दोन छोटे पंख, आणि गिअरचा दांडा खाली नसून स्टिअरिंगच्या कमरेला. मूळची ती इटलीची. तिकडे १९५३ साली फियाट ११०० नव्या रूपात निघाली, त्या घराण्यातली ही मुलगी. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यात ती १९६४ पासून 'डिलाइट' या नावाने होऊ लागली आणि १९७४ साली तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. इटलीत तिच्या जातीचे मॉडेल १९६६ सालीच मागे पडले. आपल्याकडे मात्र ते विसावे शतक सरेपर्यंत निघत राहिले. माहेर बुडाले तरी सासरी नेटाने नांदणारी सून म्हणतात, ती अशी. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुलाच्या बारशाला नोंदवलेली मोटार त्याच्या मुंजीला दारात आली तरी लोक समाधान मानीत. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, आणि हातातल्या रुमालासारखी हलकी गाडी पाहून लोकांना आपापल्या पद्मिनी एकदम वयस्कर वाटू लागल्या.

आमची १९८६ ची. गावातल्या एका डॉक्टरांनी ती दहा वर्षे वापरली आणि १९९६ च्या पाडव्याला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती विकत घेतली. अण्णा पोस्टमास्तर होते. त्यामुळे उशिरा का होईना पण पोचणे, हे तत्त्व त्यांच्या अंगी मुरलेले होते. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पुढे जे सांगणार आहे त्यात कारखान्याचा दोष तिळभर नाही. त्यांनी दिली ती गाडी चोख होती आणि डॉक्टरांकडे ती चोख चालली. चाळीशीला टेकलेल्या यंत्राचे गुडघे दुखू लागले तर त्याबद्दल जन्मदात्यांना बोल लावणे बरे नव्हे.

थंडीच्या दिवसांत तिला जागे करणे हा एक सोहळा असतो. चोक नावाची एक कळ असते. ती ओढली की कार्बोरेटरचा हवेचा मार्ग आवळला जातो. हवा कमी, पेट्रोल जास्त, असा घट्ट घास इंजिनाला मिळतो आणि गारठलेले इंजिन पेट घेते. नव्या मोटारी हा घास आपल्या हाताने घेतात. आमच्या गाडीला तो भरवावा लागतो, आणि कळ सोडली की ती आपोआप आत जाते. यावर अण्णांनी उपाय काढला. आईच्या कपड्यांच्या दोरीवरचा एक लाकडी चिमटा आणून त्यांनी ती कळ बाहेर अडकवून ठेवली. तेव्हापासून आमच्या दोरीवर डझनातले अकराच चिमटे. आई बारावा शोधू लागली की अण्णा म्हणत, "त्याला शोधू नकोस, तो नोकरीला लागलाय."

घास जरा जास्त झाला की मात्र गाडी 'ओव्हर' होते. प्लग पेट्रोलने भिजतात, ठिणगी पडेनाशी होते आणि गल्लीभर पेट्रोलचा वास सुटतो. मग दहा मिनिटे कोणी काहीही करायचे नसते, नुसते बसायचे. ही दहा मिनिटे माझ्या वाट्याला इतक्या वेळा आली आहेत की, ती जमा केली असती तर माझ्या हातून आणखी एक कादंबरी सहज झाली असती. वाचकांच्या या बचावाचे श्रेय पद्मिनीला दिले पाहिजे.

दुसरे दुखणे पॉइंटचे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दोन इवलेसे पॉइंट असतात. ते सारखे उघडतात आणि मिटतात, आणि त्या उघडमिटीतून प्लगला ठिणगी पोचते. दोहोंत अर्ध्या मिलिमीटरला किंचित कमी एवढी फट असावी लागते. ती मोजायला पोलादी पात्यांचे माप मिळते. अण्णांचे माप कोणी तरी मागून नेले आणि मागून नेलेल्या वस्तूंच्या रीतीप्रमाणे ते परत आले नाही. तेव्हापासून अण्णा ही फट लग्नपत्रिकेच्या तुकड्याने मोजतात. घरी आलेली प्रत्येक पत्रिका ते आधी चिमटीत धरून पाहतात, मुहूर्त नंतर वाचतात. एका बड्या बागाइतदाराकडची सोनेरी पत्रिका त्यांनी दोन बोटांत दाबली आणि बाजूला ठेवून दिली. "फार जाड. यावर गाडी धक्के खाईल." याउलट आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने मुलीच्या लग्नाची साधीशी पत्रिका दिली, तिच्यावर गाडी पाच महिने उत्तम चालली. मध्यम स्थितीतल्या माणसांची लग्ने मोटारीला मानवतात, असे अण्णांचे मत तेव्हापासून पक्के झाले आहे.

परंतु पद्मिनीचे खरे समाजकार्य म्हणजे धक्का. गाडीचे वजन नऊशे किलोच्या आसपास. किल्ली फिरवून ठेवायची, दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा, माणसांनी मागून लोटायचे, आणि वेग आला की क्लच झटक्यात सोडायचा. म्हणजे चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन लाजेकाजेने सुरू होते. पहिल्या गिअरात हिसका फार बसतो, तिसऱ्यात जोर पुरत नाही. दुसराच बरा. ही गाडी घरात आल्यापासून आम्ही जगाचे दोनच भाग मानतो, चढ आणि उतार. कोणाकडे जेवायला जायचे झाले तर इतर माणसे पत्ता विचारतात. आम्ही विचारतो, "घरासमोर उतार आहे ना?"

धक्का देणाऱ्यांत तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग खांदा लावतो, एक अक्षर बोलत नाही, आणि गाडी सुरू झाली की आभाराची वाट न पाहता निघून जातो. दुसरा वर्ग गाडीला नुसता हात लावतो. देवळात खांबाला हात लावून नमस्कार करावा तसा. तिसरा वर्ग हात मागे बांधून उभा राहतो आणि विचारतो, "पेट्रोल आहे ना?" शाळेतली मुले मात्र तिन्हींहून निराळी. शाळा सुटताना माझी गाडी बंद पडलेली दिसली की, इयत्ता सातवीतले जे विद्यार्थी तासाला उत्तर द्यायला हात वर करीत नाहीत ते दोन्ही हात पुढे करून धावतात. 'हर हर महादेव' होते आणि त्यांच्या गुरुजींना घेऊन गाडी दरवाज्याबाहेर पडते. शिस्तीच्या दृष्टीने याचा परिणाम काय होतो ते मला ठाऊक नाही. पण ज्या मुलांनी कधी माझी गाडी लोटली, ती मोठी होऊन भेटली की धड्याची आठवण काढीत नाहीत, गाडीची काढतात. "सर, आहे का अजून?" या प्रश्नात माझी चौकशी किती आणि पद्मिनीची किती, हे मी शोधीत बसत नाही.

आता घाटाचे सांगतो. माझी आत्या चिपळूणला असते. कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, अलोरे आणि चिपळूण, असा हा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. दर भाऊबीजेला अण्णा बहिणीकडे जातात आणि पद्मिनीतूनच जातात. एस.टी. आहे, भाड्याची गाडी मिळते, पण भावाने ओवाळून घ्यायला स्वतःच्या वाहनाने जावे, असा त्यांचा नेम. जाताना घाटात उतार असल्यामुळे ती आम्हाला नेते. येताना चढ असल्यामुळे आम्ही तिला आणतो.

चढावर काय होते ते समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. दुपारचे ऊन, घाटाचा चढ, गाडीत पाच माणसे आणि आत्याने दिलेल्या नारळांचे पोते, यांमुळे इंजिन तापते. पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा पेट्रोल ओढू पाहतो आणि त्याच्या हाती येते वाफ. गाडी दोन आचके देते आणि वळणावर शांत होते. यावर औषध एकच, पंपावर ओले फडके. आईच्या जुन्या नऊवारीची एक पट्टी आणि पाण्याची बाटली डिकीत कायम असते. आजाऱ्याच्या कपाळावर घड्या ठेवाव्यात तशा अण्णा पंपावर घड्या ठेवतात आणि त्या वेळी "बास, बास, झालं आता," असे जे पुटपुटतात, ते आम्हा मुलांच्या तापात आम्ही कधी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

त्या वळणापासून थोड्या अंतरावर एका बाईंची चहाची टपरी आहे. पहिल्या वर्षी पाणी मागायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "कुठलं पावनं?" दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, "आलासा व्हय!" तिसऱ्या वर्षापासून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्या एक घागर भरून वेगळी ठेवू लागल्या. एका वर्षी कोण जाणे कसे, हवा थंड होती आणि पद्मिनी न थांबता घाट चढून वर आली. आम्ही आनंदाने टाळ्या वाजवल्या. अण्णा मात्र गप्प होते. हेळवाकला पोचल्यावर ते म्हणाले, "त्या बाईंनी पाणी भरून ठेवलं असेल रे." आम्ही गाडी वळवली, परत खाली गेलो, चहा घेतला, आत्याकडचे चार लाडू बाईंच्या हाती दिले आणि पुन्हा चढायला लागलो. या खेपेला ती व्यवस्थित बंद पडली.

म्हातारपणी तिच्या खाण्यापिण्याचेही हाल झाले. शिसे घातलेल्या पेट्रोलवर वाढलेली ती बाई. ते पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. पुढे सरकारने पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला सुरुवात केली आणि २०२५ साली त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर आले. इथेनॉल होते उसापासून आणि धान्यापासून; म्हणजे आमच्याच कृष्णाकाठचा ऊस फिरून तिच्या टाकीत येतो. देशाला ते हिताचेच आहे. पण जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना हा मद्यार्क सोसत नाही. त्या फुगतात आणि चिरतात. आमच्या मिस्त्रींनी एक नळी काढून माझ्यापुढे धरली आणि ते म्हणाले, "सर, आधी हिचं शिसं सुटलं, आता हिला दारू लागली. ह्या वयात!"

येथवर वाचून कोणीही म्हणेल की, मग ही ब्याद ठेवली कशाला? हा प्रश्न आमच्या घरी दर पाच वर्षांनी रीतसर येतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. २०२६ साल पुन्हा तारखेचे. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ही फी दहा हजार रुपये केली. शिवाय पर्यावरणाचा कर, नवी नंबरपाटी, नव्या नळ्या. पुण्याहून मेव्हणे आले होते. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. २०२१ सालापासून जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे सरकारी धोरण आहे, तिथे गाडी दिली की दाखला मिळतो आणि नव्या गाडीवर सवलत मिळते, हे त्यांनी सांगितले. बोलावलेल्या भंगारवाल्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून वीस हजारांचा आकडाही सांगितला. हिशेबात खोट काढायला जागा नव्हती.

अण्णा ओट्यावर बसून सगळे ऐकत होते. २०२३ च्या ऑक्टोबरात, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली, तेव्हा ती बातमी त्यांनी मोठ्याने वाचली होती आणि चष्मा पुसत म्हटले होते, "म्हणजे आता आपणच उरलो." त्या 'आपण'मध्ये कोण कोण येते, हे कोणी विचारले नव्हते. आज ते एवढेच म्हणाले, "तुमच्या सोयीनं करा."

मला २०१८ चा श्रावण आठवला. त्या श्रावणात आई गेली. अण्णा रडले नाहीत, कोणाशी बोललेही नाहीत. सकाळी आठला उठायचे, ओट्यावर बसायचे, ताट पुढे आले की जेवायचे. पाच वाजता उठून गाडीशी खुडबुड करणारा माणूस. पण दोन महिने त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. दसऱ्याच्या आधी एका सकाळी मी गाडी सुरू करायला बसलो. ती नुसती कण्हत होती. एवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "चिमटा कुठंय?"

दु:खाच्या दिवसांत आलेल्या बायकांनी आवराआवरी करताना गाडीतला चिमटा दोरीवर नेऊन लावला होता. अण्णा उठले, परसात गेले. दोरीवर बाराच्या बारा चिमटे होते. त्यांतला एक काढून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग येऊन त्यांनी तो कळीला लावला, बॉनेट उघडले आणि मला म्हणाले, "घरात एखादी पत्रिका असेल तर बघ." दुपारी बारा वाजता काळ्या झालेल्या हातांनी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, चहा कर. आणि मला भूक लागली आहे."

मेव्हण्यांचा कागद घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. या गाडीचा सर्वांत जास्त जाच सौ.ला झालेला. भरजरी शालू नेसून तिने धक्का दिलेला आहे. माहेरच्या लग्नात ती अक्षता संपल्यावर पोचलेली आहे. तिने कागद वाचला, डब्याचे झाकण लावले आणि म्हणाली, "अहो, नवी गाडी घ्या की. कोण नको म्हणतंय? पण ती बटण दाबलं की सुरू होणार. मग अण्णांनी सकाळी उठून करायचं काय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. चांगले यंत्र आपल्याला कोणाचीही गरज लागू देत नाही, हा त्याचा गुण खराच. पण सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला सकाळी पाच वाजता उठायला लावील, अशी गरज तरी दुसरी कोणती आम्ही त्यांना देणार होतो? औषधे वेळेवर घ्या, हळू चाला, जपून राहा, एवढेच आम्ही त्यांना सांगू शकतो. पद्मिनी त्यांना म्हणते, या, तुमच्यावाचून माझे चालत नाही. आणि ती ते खरे करून दाखवते.

तेव्हा दहा हजार भरायचे ठरले आहे. अण्णांना सांगितले तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारलाच बॉनेट उघडल्याचा आवाज आला. माझी मुलगी नववीत आहे. आजोबांच्या हाताखाली तीही आता पत्रिका चिमटीत धरून पाहू लागली आहे. नव्या नळ्या बसल्या, प्लग घासून झाले, नऊवारीची पट्टी धुऊन डिकीत ठेवली. चिपळूणला आत्याला फोन गेला आहे, भाऊबीजेचे ताट तयार ठेव. फक्त किती वाजता, ते विचारू नकोस.